मराठा आरमार शाळेत शिकवताना होणाऱ्या चुका (पोरं जांभया का देतात ते कळेल)

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकतो, आपण आरमार शिकवतो ते किल्ल्यांच्या यादीनं. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग, खांदेरी, पाठ करा, जोड्या लावा, धडा संपला. आता लातूर नाहीतर अकोल्याचं पोरगं, समुद्र कधी बघितलेला नाही, त्याच्या डोळ्यासमोर जलदुर्ग म्हणजे पाण्यात ठेवलेला रायगड येतो, त्याची काय चूक. आधी वारा, भरती-ओहोटी आणि पावसाळा शिकवा, दोन तास गेले तरी चालतील, किल्ल्यांची नावं त्यानंतर घ्या.

खांदेरीचंच बघा ना. १६७९ साली महाराजांनी भर पावसाळ्यात, मुंबईच्या अगदी तोंडावर, थळसमोरच्या त्या बेटावर बांधकाम काढलं. महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी तिथं ठाण मांडून. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा भारी, त्यांनी बेटाला वेढा घातला, तरी मराठ्यांच्या होड्या रात्री-अपरात्री सामान पोचवतच राहिल्या. कशा काय? हा प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि आपण गप्प बसायचं. परातीत पाणी घ्या, कागदी शिडाची होडी सोडा, टेबल फॅन लावा आणि मग अचानक बंद करा. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज जागच्या जागी उभं, आणि वल्ह्यांवर चालणारं गलबत उथळ पाण्यातनं निघून जातं, हे पोरं स्वतःच ओरडून सांगतात. ऑक्टोबरातल्या लढाईत मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान, त्याच्या आरमारानं इंग्रजांचं डव्ह नावाचं गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, पकडलं, हे त्याच्यानंतर सांगा. आणि पुढचंही सांगा, की जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारचं उंदेरी बेट बळकावलं आणि डोकेदुखी चालूच राहिली. फक्त जिंकलेलंच सांगितलं की हुशार पोरांना संशय येतो.

दुसरी चूक गॅदरिंगला दिसते. नाटकात मराठा आरमाराचे सरदार आंग्रे, त्यांचं जहाज म्हणून थर्माकोलचं जे काही उभं करतात ते गूगलवरून उचललेलं युरोपातलं उंच गलियन असतं, आणि एकदा तर वर कवटीचा झेंडा पाहिला, काय बोलणार! गुराब दोन-तीन डोलकाठ्यांचं, पुढचं टोक निमुळतं आणि बुटकं, तिथनं तोफा समोर मारायच्या. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ही, वारा नसला तर गुराबाला ओढतही न्यायचं. एवढं चित्रात आलं तरी पुष्कळ झालं.

कवटीवरून आठवलं, ‘कान्होजी आंग्रे चाचे होते का?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, कारण इंग्रजी व्हिडिओत तसं म्हणतात. इथं चिडून ‘नाही, गप बस’ म्हणणं ही तिसरी चूक. दस्तक समजावून सांगा. आपल्या समुद्रातून जायचं तर परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त. पोर्तुगीज हेच आधीपासून करत होते, त्यांचा परवाना म्हणजे कार्ताझ. मग कान्होजींनी मागितला की ती चाचेगिरी कशी? वर्गात एक गट पोर्तुगीज, एक इंग्रज, एक आंग्रे करा आणि भांडू द्या. इंग्रज-पोर्तुगीज दोघं मिळून १७२१ मध्ये आंग्र्यांच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, ते या भांडणाच्या शेवटी सांगितलं की छान बसतं. थोड्या मोठ्या मुलांना १७५६ पण सांगाच, विजयदुर्गला कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याचं आरमार जळालं तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं पेशवे होते. अवघड वाटतं सांगायला, पण आठवीच्या पोरांना ते पेलतं.

काही गफलती पटकन सांगतो. मुरुड-जंजिरा सिद्दीचा, तो मराठ्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही, महाराजांनी त्याच्यासमोर पद्मदुर्ग बांधला. कुलाबा किल्ला अलिबागला आहे, मुंबईतल्या कुलाब्यात नाही. ४ डिसेंबर १९७१ ला कराचीवर हल्ला केला तो मिसाईल बोटींनी, निपात, निर्घात आणि वीर, विमानवाहू विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात होती, नौदल दिनाच्या भाषणात हे हमखास उलटं होतं. आणि २०२२ ला नौदलात आली ती विक्रांत वेगळी, कोचीला बांधलेली.

आता परंपरांचं. कोळी म्हटलं की आपल्याकडे कमरेला रुमाल, डोक्यावर टोपी आणि एक डान्स, बास. नारळी पौर्णिमेला नारळ का, तर पावसाळ्यात खवळलेला दर्या शांत होऊन होड्या परत पाण्यात जायची वेळ झालेली असते, आणि आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जुनं आरमारही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवायचे. ही साखळी जोडून दाखवा. शक्य असेल तर जवळच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या तांडेलकाकांना (होडी चालवणाऱ्या नाखव्याला) बोलवा, पण सत्कार करून दोन मिनिटं बोलायला लावू नका, तासभर द्या आणि गाठी मारायला शिकवू द्या. तिथीवरून भरती काढायचा हिशोबही त्यांच्याकडूनच शिका, मुंबईच्या पट्ट्यात तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाऊणकीचा पाढा कशाला हवा म्हणणाऱ्या पोरांना हे फार आवडतं.

हाच हिशोब सहलीआधी करा. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो, म्हणून बस निघायची वेळ भरतीचं टेबल बघून ठरवा, ड्रायव्हरच्या सोयीनं नको. पोरं तिथं रमतात आणि पाणी चढायला लागलेलं कळत नाही, परतायची वेळ आधीच ठरवून शिट्टी एका मॅडमकडे द्या. पावसाळ्यात सिंधुदुर्ग, जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, ऑगस्टात प्लॅन करू नका.

शेवटी एक, ‘महाराजांच्या आधी आपल्याकडे जहाजंच नव्हती का?’ असं कोणी विचारलं तर ‘नव्हती’ म्हणून मोकळे होऊ नका. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. आणि बोरिवलीत एक्सरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, त्यातल्या काहींवर दगडात कोरलेली अख्खी नाविक लढाई दिसते, वल्ही मारणाऱ्या माणसांसकट. ती तेराव्या शतकातली यादव आणि शिलाहारांची असं सहसा मानतात. बोरिवलीतल्या कितीतरी शाळांना हे रिक्षाच्या अंतरावर आहे, तरी सहल दरवर्षी वॉटरपार्कलाच जाते.