कोपरे काळे येतायत? वाइड सिनेमा झूम लावताना या चुका टाळा

वाइड झूम लावली, मॉनिटरवर कोपरे काळवंडलेले दिसले की सेटवर पहिला निकाल लागतो: लेन्स खराब आहे. बहुतेक वेळा ती निर्दोष असते. कोपरे काळे पडण्याची कारणं वेगवेगळी आणि त्यांचे इलाजही वेगळे. तरी कारण न शोधता कुणी फिल्टर काढतो, कुणी थेट 'ग्रेडिंगमध्ये बघू' म्हणून मोकळा होतो.

आधी ही चाचणी करा. सारखा प्रकाश पडलेली कोरी भिंत घ्या. लेन्स सगळ्यात वाइड, फोकस इन्फिनिटीवर, ॲपर्चर पूर्ण उघडं. आता टी २.९ वरून टी ८ वर या (टी म्हणजे लेन्समधून प्रत्यक्ष किती प्रकाश येतो त्याचा आकडा), म्हणजे तीन स्टॉप बंद करा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), आणि एक्स्पोजर तेवढंच राहील असा शटर किंवा आयएसओ बदला. काळेपणा विरळ झाला तर तो लेन्सच्या नळीत तिरपे किरण अडल्यामुळे होता. एखाद-दोन स्टॉप बंद ठेवून शूट करा, विषय संपला. काहीच फरक पडला नाही आणि कड मऊच राहिली, तर ती वाइड कोनाची नैसर्गिक घट आहे. प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होतो. ४५ अंशांवर हिशेबाने चौथा भागच उरतो, म्हणजे दोन स्टॉपची घट. वाइड लेन्सच्या रचनेत ही घट बरीच आटोक्यात आणलेली असते, पण शून्य होत नाही. लेन्सवरचा टी आकडाही फ्रेमच्या मध्याचा असतो, कोपऱ्याचा नव्हे.

पण कड आणखी ठसठशीत झाली, तर प्रकाशाच्या वाटेत काहीतरी आलंय.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मॅटबॉक्स, म्हणजे लेन्सपुढची फिल्टर आणि फ्लॅप धरणारी चौकट, लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे उघड्या ॲपर्चरवर त्याची कड धूसर दिसते, आणि आपण ती नैसर्गिक घट समजतो. मग उन्हात टी ११ वर गेलं की कोपऱ्यात चक्क काळा त्रिकोण उगवतो. फक्त वरचे दोन कोपरे काळे असतील तर वरचा फ्लॅप खाली आलाय किंवा रॉडवर मॅटबॉक्सची उंची चुकलीय. एकच कोपरा असेल तर मॅटबॉक्स तिरका बसलाय. चारही असतील तर फिल्टरचे ट्रे कमी करा. ४ बाय ५.६५ इंचांचे फिल्टर पुरत नसतील तर ६.६ बाय ६.६ इंचांचा मॅटबॉक्स मागवा. पुढ्यातलं सगळं काढूनही काळी कड तशीच राहिली, तर इमेज सर्कलच, म्हणजे लेन्स सेन्सरवर टाकते ते प्रतिमेचं वर्तुळच, अपुरं आहे.

सेन्सरच्या मापांत सुपर ३५ चा कर्ण साधारण ३१ मिमी, मोठ्या फुल फ्रेमचा ४३. सुपर ३५ ची झूम फुल फ्रेमवर लावली तर कोपरे जाणारच. कॅमेरा सुपर ३५ मोडवर आणा, किंवा १.४ पट एक्स्टेंडर (लेन्समागे लागणारी, प्रतिमा मोठी करणारी जोडकाच) लावा: सर्कल जवळजवळ ४३ मिमी होतं, पण एक स्टॉप जातो आणि १८ ची लेन्स २५ ची होते. स्पीडबूस्टर ही जोडकाच याच्या उलटं, म्हणजे प्रतिमा लहान करते. ०.७१ पटीने ३१ चे २२ मिमी होतात, त्यामुळे 'प्रकाश वाढेल' म्हणून तो सुपर ३५ सेन्सरवर सुपर ३५ च्याच लेन्सला लावू नका. ओपन गेट मोड सुरू असेल तर सेन्सरचा जास्त भाग वापरला जातो, तेही लक्षात ठेवा. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तर सेन्सरच हलवतं. सर्कल जेमतेम असेल तर चालत्या शॉटमध्ये कोपरे आळीपाळीने काळे होतात.

व्हेरिएबल एनडीचा (फिरवून गडद करता येणाऱ्या, प्रकाश कमी करणाऱ्या फिल्टरचा) काळा क्रॉस ही वेगळीच भानगड. तो पोलरायझरच्या दोन काचांमुळे येतो आणि वाइडवर जास्त दिसतो. साधा एनडी घाला.

पोस्टमध्ये मऊ घट दुरुस्त होते, पूर्ण काळा कोपरा नाही. तिथे माहितीच नसते. उजळवायचं तर लिनिअरमध्ये (आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असताना) गेन द्या, एलयूटीच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या तक्त्याच्या, आधी. रेक ७०९ (एचडी टीव्हीचं रंगमानक) झाल्यावर वाढवलं की आकाशाचा रंग बिघडतो. दीड-दोन स्टॉप वाढवले तर नॉइजही वर येतो. शॉटमध्ये झूम फिरत असेल तर घटीचा आकार बदलत जातो, तेव्हा एक ठरावीक मास्क पुरत नाही. व्हीएफएक्सचं काम असेल तर वापरलेल्या प्रत्येक फोकल लेंग्थ आणि ॲपर्चरवर त्याच कोऱ्या भिंतीचे दहा-दहा सेकंद शूट करून द्या. कंपॉझिटर (शॉटचे थर जोडणारा कलाकार) त्या क्लिपने भागाकार करून घट काढू शकतो. चेहऱ्याच्या शॉटमधली अर्ध्या स्टॉपची घट मात्र मी तशीच ठेवतो, ती खटकत नाही.