गाठ काढल्यानंतरचा शेक : आधी हात वर जायला हवा

स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढून झाली, कडा स्वच्छ असल्याचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नसल्याचा रिपोर्ट आला, की घरात प्रश्न निघतोच : मग आता लाईट, म्हणजे किरणांचा शेक (रेडिएशन) कशाला? कारण वाचवलेल्या स्तनात कुठल्याच तपासणीत न दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी उरलेल्या असू शकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हजारो रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात शेक न घेतलेल्या शंभरातल्या ३५ जणींचा आजार दहा वर्षांत उलटला, घेतलेल्यांपैकी १९ जणींचा. अपवाद आहे. वय ६५ च्या पुढे, गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, काखेत आजार नाही, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी गाठ), अशा बाईने पाच वर्षं हार्मोनची गोळी घ्यायची ठरवली तर शेक टाळण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. त्याच स्तनात गाठ परत येण्याचा धोका वाढतो, आयुर्मानात फरक दिसलेला नाही. पण सहा महिन्यांत गोळ्या बंद करायची शक्यता वाटत असेल, तर हा पर्याय आपला नाही.

केमो नसेल तर ऑपरेशननंतर साधारण ४ ते ८ आठवड्यांत आणि केमो असेल तर शेवटच्या डोसनंतर ३-४ आठवड्यांनी शेक सुरू होतो. मधल्या काळात सगळ्यात महत्त्वाचं काम खांद्याचं. प्लॅनिंगच्या, म्हणजे किरण नेमके कुठे द्यायचे ते ठरवण्याच्या सीटी स्कॅनला आणि नंतर रोज मशीनवर दोन्ही हात डोक्याच्या वर टेकवून पंधरा-वीस मिनिटं हलायचं नसतं. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून बसलेल्या बाईचा खांदा आखडतो, आणि हात वर जाईना म्हणून स्कॅनची तारीख पुढे ढकलावी लागते. सर्जनने परवानगी दिली की भिंतीकडे तोंड करून उभं राहा, बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवा, जिथे ताण येईल तिथे दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. हे दिवसातून तीन-चार वेळा. रोजच्या उंचीला पेन्सिलची खूण केली की प्रगती दिसते. जखमेच्या जागी पाणी साठून फुगवटा आला असेल तर स्कॅनच्या आधीच सांगा. स्कॅननंतर ते काढलं तर स्तनाचा आकार बदलतो आणि प्लॅन पुन्हा करावा लागू शकतो.

स्कॅनच्या दिवशी अंगावर शाईच्या खुणा करतात, कुठे टोचून बारीक ठिपके गोंदतात. शाई कपड्यांना लागते, जात नाही. जुना ब्लाऊज घाला. खूण पुसट झाली तर घरी पेनाने गिरवू नका. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालेलं तुम्हाला कळणार नाही.

डावा स्तन असेल तर पुष्कळ ठिकाणी श्वास रोखून शेक देतात, म्हणजे फुप्फुस फुगून हृदय किरणांच्या वाटेपासून दूर जातं. घरी उताणं झोपून, हात वर घेऊन सराव करा : छाती भरून श्वास, वीस सेकंद रोखा, सोडा. नेहमीची चूक म्हणजे श्वासाबरोबर पाठ उचलणं. पाठ गादीला टेकलेलीच हवी.

सध्या सर्रास दिला जाणारा डोस ४० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक), १५ भागांत, सोमवार ते शुक्रवार असे तीन आठवडे. २६ ग्रे फक्त ५ भागांत देण्याची पद्धतही निवडक रुग्णांसाठी आहे. वय ५० च्या आत असेल किंवा गाठ आक्रमक असेल तर गाठीच्या जागेला जादा डोस देतात, त्यासाठी काही वेळा आणखी चार-पाच दिवस लागतात. किरण प्रत्यक्ष दोनचार मिनिटंच चालू असतात, दुखत नाही, अंगात काही उरत नाही. संध्याकाळी नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. मशीन बंद पडलं किंवा एखादा दिवस चुकला तर तो भाग नंतर भरून काढतात. मनाने शेवटचे दोन सोडू नका.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत असाल तर मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट पहिल्याच भेटीला न्या.

त्वचेची खरी परीक्षा स्तनाखालच्या घडीत आणि काखेत होते, कारण तिथे त्वचा त्वचेला घासते. घामाच्या दिवसांत घडीत मऊ जुन्या मलमलची पट्टी ठेवा, ओली झाली की बदला. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने टिपणं, घासणं नाही. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर चालतं. हळद, चंदन, बाम, गरम पिशवी, बर्फ आणि काखेत ब्लेड नको. मंगळसूत्र शेकाच्या जागेवर रुळत असेल तर तेवढे आठवडे काढून ठेवलेलं बरं; वाटीची कड एकाच जागी घासत राहते. तारेची ब्रासुद्धा नको.

शेक संपला म्हणजे लाली उतरली असं नाही. ती बहुधा संपल्यानंतर एक-दोन आठवड्यांत जास्तीत जास्त होते, म्हणून क्रीम तेव्हाही चालू ठेवा. सोलून ओलसर झालेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, काढताना त्वचा बरोबर येते. ताप, पू किंवा वास आला तर त्याच दिवशी दाखवा. थकवा महिना-दोन महिने राहतो. रोज थोडं चालल्याने तो कमी होतो, नुसतं पडून राहण्याने नाही. स्तन जड वाटणं, मधूनच चमक येणं काही महिने चालतं. मॅमोग्राफी ६ ते १२ महिन्यांनी.

शेकानंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, बारीक ताप, जिना चढताना धाप, असं सुरू झालं तर ती फुप्फुसाला आलेली सूज असू शकते. प्रमाण कमी आहे, पण गावच्या डॉक्टरांना शेकाचं माहीत नसेल तर उपचार टीबीच्या वाटेने जाऊ शकतो. डोस, बाजू आणि शेवटची तारीख लिहिलेला डिस्चार्ज कागद त्यांच्यापुढे ठेवा, आणि जिथे शेक घेतला तिथेही फोन करा.