फ्लॅटमधला गांडूळखताचा डबा: पुण्याच्या हवेत तो कसा सांभाळावा

दुधी भोपळ्याची साल डब्यात टाकली की पहिले दोन-तीन दिवस गांडुळं तिच्याकडे फिरकतही नाहीत. गांडुळाला दात नसतात. आधी जिवाणू आणि बुरशी ती साल मऊ पाडतात. मग तो मऊ थर जिवाणूंसकट गांडूळ तोंडात ओढून घेतं आणि पोटातल्या पेषणीत मातीच्या कणांबरोबर दळतं. एवढं लक्षात ठेवलं तर डबा सांभाळण्याचे बहुतेक नियम आपोआप कळतात. घरच्या डब्यातली गांडुळं उपासमारीनं क्वचितच मरतात. मरतात ती बहुधा आपण उत्साहानं जास्त खायला घातल्यामुळे.

पुण्यात हे करायला कारणही जवळचं आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर पडत राहिला. त्याचा वास, माश्या आणि विहिरींचं नासलेलं पाणी तिथल्या गावकऱ्यांनी सोसलं. आपल्या ओट्यावरची सालं आपल्याच घरात जिरली तर त्यातला आपला वाटा तरी कमी होतो. मात्र चौघांच्या घरातला सगळा ओला कचरा एका डब्यात मावणार नाही, हे आधीच सांगते. मावेल तेवढा डब्यात घालावा आणि उरलेला नेहमीसारखा वेगळा करून कचरा न्यायला येणाऱ्या ताईंकडे द्यावा.

जागा आणि डबा

थेट ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशी जागा हवी. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटना असलेली ड्राय बाल्कनी यासाठी उत्तम. फक्त डबा वॉशिंग मशीनला चिकटून ठेवू नका. हादऱ्यांनी गांडुळं बिथरतात आणि साबणाचं पाणी उडायची भीती असते. पश्चिमेकडची बाल्कनी टाळा, एप्रिलमध्ये दुपारी तिथे उभं राहून पाहिलंत तर कारण कळेल.

तयार संच विकत मिळतात, पण सुरुवातीला त्यांची गरज नाही. एकात एक बसणारे दोन गडद रंगाचे प्लॅस्टिकचे टब पुरतात. पारदर्शक नकोत, कारण गांडुळांना उजेड सोसत नाही. खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण ही गांडुळं वरच्या थरातच राहतात. फूटभर खोल आणि दीड-पावणेदोन फूट लांब टब पुरे. वरच्या टबाच्या तळाला पाच-सहा मिलिमीटरची आठ-दहा भोकं पाडा, कडेला वरच्या बाजूला बारीक भोकांची एक ओळ काढा आणि तळात शेडनेटचा तुकडा अंथरा. खालच्या टबात विटेचे दोन तुकडे ठेवून त्यावर वरचा टब बसवला की झिरपणारं पाणी खाली साठतं आणि मधून हवा खेळते. झाकण घट्ट नको. गोणपाटाचा ओला तुकडा आणि त्यावर सैल झाकण एवढं बास.

लाल मुंग्यांचा त्रास असेल तर टब स्टँडवर ठेवून त्याच्या पायांखाली पाण्याच्या चार वाट्या ठेवायची जुनी पद्धत चालते. त्या पाण्यात चमचाभर गोडंतेल टाका, नाहीतर डासांची पैदास होईल.

अंथरूण: सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्या

गांडुळं कचऱ्यात राहत नाहीत, अंथरुणात राहतात. अंथरूण ओलसर, भुसभुशीत आणि हवेशीर असलं तर खाण्यातल्या बारीकसारीक चुका खपून जातात. तेच बिघडलं तर कितीही चांगली सालं घाला, उपयोग नाही.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट तीन-साडेतीन लिटर पाण्यात भिजवा, फुगली की दोनदा धुऊन पिळून घ्या. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि ते गांडुळांच्या ओल्या त्वचेला झोंबतात. पार्सलचे तपकिरी खोके चिकटपट्टी आणि गुळगुळीत लेबलं काढून इंचभर पट्ट्यांत फाडा. सोसायटीच्या आवारातला वाळका पाला घ्या, फक्त निलगिरी आणि कडुनिंबाचा पाला फारसा नको. गोठ्यातलं शेण मिळालं तर ते किमान दहा-पंधरा दिवस जुनं असू द्या. ताजं शेण तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. शेण मिळत नसेल तर पूजेच्या दुकानातली गोवरी रात्रभर भिजवून कुस्करावी, तीही चालते. शेवटी दोन मुठी बागेतली माती, गांडुळाच्या पेषणीला कण लागतात म्हणून.

हे सगळं मिसळून टबात सात-आठ इंच भरा. ओलावा तपासायचा तो असा: मूठभर अंथरूण घट्ट दाबलं की बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त ओलं, काहीच आलं नाही तर कोरडं. नळाचं पाणी वापरताना बादलीत रात्रभर उघडं ठेवून मग शिंपडा, म्हणजे क्लोरिन उडून जातं. मग आठवडाभर थांबा. मधोमध हात घातल्यावर ऊब लागत असेल तर आणखी काही दिवस थांबा.

गांडुळं कोणती आणि कशी सोडायची

पावसात अंगणात दिसणारी गांडुळं गोळा करून आणू नका. ती माती खाणारी, खोल बिळं करणारी असतात, टबात टिकत नाहीत. आपल्याला वरच्या थरात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहणारी हवीत. आपल्याकडे मुख्यतः तीन मिळतात. आयसेनिया फेटिडा बारीक, तांबूस, अंगावर पिवळट पट्टे असलेलं असतं. युड्रिलस युजेनी मूळचं आफ्रिकेतलं, चांगलं लांब आणि जाड, उष्ण हवेत भराभर खातं पण थंडीत मंदावतं. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस आपल्याच भागातलं, उष्मा सोसणारं, पण पावसाळ्यात डब्याबाहेर चढायची त्याला फार सवय. फ्लॅटसाठी माझी पसंती आयसेनियाला. ते पुण्याची थंडी आरामात काढतं आणि सहसा पळून जात नाही. उन्हाळ्यात मात्र त्याला जपावं लागतं.

पुण्याच्या आसपास गांडूळखत करणारे शेतकरी गांडुळं किलोवर विकतात. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय किंवा नारायणगाव, बारामतीची कृषी विज्ञान केंद्रं इथेही चौकशी करता येते. वर सांगितलेल्या टबाला अर्धा किलो पुरे, त्यात साधारण हजारभर गांडुळं येतात. घेताना विचारा की वजन नुसत्या गांडुळांचं आहे की खतासकट. खतासकट असेल तर ते वाईट नाही, कारण त्यात कोकून, म्हणजे अंड्यांचे कोष, आणि पिल्लंही येतात, पण भाव त्याप्रमाणे हवा.

संध्याकाळी गांडुळं अंथरुणावर नुसती पसरा, पुरू नका. ती स्वतःच खाली जातात. पहिल्या दोन रात्री बाल्कनीतला दिवा चालू ठेवा, उजेडामुळे ती बाहेर येणार नाहीत. चार-पाच दिवस काहीही खायला घालू नका.

खायला काय, किती, कसं

पहिला महिना रोज शंभर ग्रॅमच्या वर जाऊ नका, म्हणजे दोन मुठी बारीक चिरलेली सालं. गांडूळ स्थिरावलं की दिवसाला आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत खाऊ शकतं, पण तो आकडा चांगल्या हवेतला आहे, रोजचं माप नव्हे. खरं माप डब्यात दिसतं. मागच्या वेळचं खाणं ओळखू येत असेल तर आज घालायचं नाही. एका कोपऱ्यात खळगा करून घाला, वर दोन-तीन इंच अंथरूण ओढा, पुढच्या वेळी शेजारचा कोपरा घ्या. चार कोपरे फिरून परत येईपर्यंत पहिलं जिरलेलं असतं.

दुधी, दोडका, काकडी, पालेभाजीचे देठ, केळ्याची सालं, पपई, कलिंगड हे त्यांचं आवडतं. चहाचा चोथा चालतो, पण आपला चहा दूध-साखरेचा, त्यामुळे चोथा धुऊन घ्या. अंड्यांची टरफलं वाळवून मिक्सरमधून पूड करा आणि आठवड्याला चमचाभर भुरभुरा, आंबटपणा आटोक्यात राहतो. कांद्या-लसणाची सालं थोडी, लिंबू-संत्र्याची अगदी थोडी. फोडणीची भाजी, आमटी, लोणचं, दही, ताक, मासे, मटण, तळण काहीही नको. मीठ आणि तेल दोन्ही घातक, कारण गांडूळ त्वचेतूनच श्वास घेतं. उरलेल्या भाताचा गोळाही नको, तो आंबतो आणि उंदरांना आमंत्रण देतो.

प्रत्येक ओल्या मुठीबरोबर एक मूठ कोरडं घाला. मी खोक्याच्या पट्ट्यांची पिशवी डब्याशेजारीच टांगते, कारण हात लांब करायचा कंटाळा आला की पहिल्यांदा कोरडंच राहून जातं.

मटारच्या मोसमात शेंगांच्या टरफलांचा ढीग निघतो आणि तो सगळा डब्यात ढकलायचा मोह होतो. तसं केलं की दोन दिवसांत डबा आतून तापतो. टरफलं चिरून वाळवून ठेवा आणि पुरवून घाला. आमरसाच्या दिवसांत आंब्याच्या सालींचं तसंच करा, कोयी मात्र बाहेरच. गणपतीतलं निर्माल्य घालता येतं, पण दोरे, जरी, कापूस, हळद-कुंकू आणि गुलाल काढून. दुर्वा, झेंडू, शेवंती सगळं कातरून थोडं थोडं.

पुण्याचे तीन ऋतू

सुरुवात करायला दसरा-दिवाळीचा काळ सगळ्यात चांगला. पाऊस ओसरलेला असतो, हवा कोरडी पण मऊ असते आणि उन्हाळा येईपर्यंत गांडुळांची संख्या वाढलेली असते. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात ती थोडी मंदावतात, तेवढंच खाणं कमी करावं.

खरी कसोटी मार्चच्या शेवटापासून. आयसेनियाला १५ ते २५ अंश मानवतात, ३५ च्या वर ते तग धरत नाही, आणि पुण्याचा पारा एप्रिल-मे महिन्यांत कित्येकदा चाळिशी गाठतो. डबा फरशीवर उतरवा, गोणपाट सकाळ-संध्याकाळ ओलं करा, त्यातून पाणी उडताना आत गारवा राहतो. खाणं निम्मं करा. फार तापलं तर पाण्याची छोटी बाटली गोठवून अंथरुणावर एका बाजूला ठेवा, गांडुळं हवं तेवढं जवळ येतील. सुट्टीत गावाला जाताना कोरड्या-ओल्या पट्ट्यांचा जाड थर घालून जा, दोन आठवडे काही होत नाही. मे महिन्यात मात्र गोणपाट ओलं करायला शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

पावसाळ्यात पाणी शिंपडायची गरज जवळजवळ नाहीच. गांडुळं भिंतीवर चढायला लागली की खोक्याच्या पट्ट्या भरपूर मिसळा आणि झाकण नीट बसवा.

बिघडलं तर

वास आला तर खाणं थांबवा, कुजकं काढून टाका, हातानं हलकेच अंथरूण सैल करा आणि कोरडं मिसळा. नीट चाललेल्या डब्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, त्यामुळे फरक लगेच कळतो. चिलटं झाली तर सालं आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवून मग घाला, अंडी मरतात, आणि प्रत्येक वेळी नीट पुरा. पांढरे दोऱ्यासारखे बारीक किडे दिसले तर घाबरू नका, ते आंबटपणाची खूण आहेत, टरफलांची पूड वाढवा. पावसाळ्यात करड्या, जाड, वळवळणाऱ्या अळ्या येतात. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. किळस वाटली तरी त्या गांडुळांना खात नाहीत, खाणं कमी करून नीट पुरलं की कमी होतात. गांडुळं एकाएकी ढिगानं बाहेर पडू लागली तर मात्र वाट पाहू नका. आत उष्णता, आंबटपणा किंवा पाणी यांपैकी काहीतरी टोकाला गेलं आहे. त्यांना लगेच ताज्या, ओलसर अंथरुणात हलवा.

खत काढणं आणि वापरणं

अडीच-तीन महिन्यांत अंथरूण काळंभोर, चहापत्तीसारखं दाणेदार होतं. महिनाभर आधीपासून खाणं फक्त एकाच बाजूला घालत जा, गांडुळं तिकडे सरकतात आणि दुसरी बाजू काढायला मोकळी होते. उरलेली वेगळी करायची तर खताचा उभा ढीग प्लॅस्टिकच्या कागदावर उजेडात ठेवा, ती तळाला जातात, वरून खत खरवडत जा. त्यात मोहरीपेक्षा जरा मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर दाणे दिसतील. ते कोकून. प्रत्येकातून दोन-चार पिल्लं निघतात, म्हणून दिसतील तेवढे परत डब्यात टाका.

कुंडीला महिन्यातून एकदा एक-दोन मुठी पुरतात. नवी कुंडी भरताना चार भाग मातीला एक भाग खत घ्या. तुळस, मोगरा, कढीपत्ता यांना फरक लवकर दिसतो. खालच्या टबात झिरपलेलं पाणी म्हणजे व्हर्मीवॉश, म्हणजे तयार गांडूळखतातून पाणी झिरपवून मुद्दाम काढलेलं पातळ खत, नव्हे. त्यात अर्धवट कुजलेला अंश असतो. दुर्गंधी येत असेल तर फेकून द्या, नसेल तर दहापट पाणी घालून फुलझाडांना द्या, कोथिंबीर-पुदिन्याला नको.

काही महिन्यांत गांडुळं टबाला जड होतात. तेव्हा अर्धी शेजाऱ्यांना द्या, पण नुसती गांडुळं देऊ नका. त्यांच्याबरोबर चार मुठी जुनं अंथरूण द्या, म्हणजे ओळखीचे जिवाणूही बरोबर जातात आणि नवा डबा लवकर लागतो. इमारतीत चार-पाच घरांत डबे चालू झाले की आवारात सगळ्यांचा मिळून एक मोठा वाफा करायचा विषय सोसायटीच्या बैठकीत काढा. असा प्रकल्प खरोखर चालवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका करात सवलत देते, आणि वाफ्यासाठी लागणारी गांडुळं तोवर इमारतीतच तयार असतात.