घरगुती कामासाठी वेल्डिंग मशीन: निवड आणि पहिली चाचणी

फाटकाचे तुटलेले बिजागर, गच्चीवरील पत्र्याच्या शेडचा अँगल, कुंड्यांचा स्टँड अशी कामे घरीच करू इच्छिणाऱ्याने वेल्डिंग मशीन घेताना त्यावर ठळक छापलेल्या '२००' (कमाल अँपिअर) या आकड्याकडे सर्वांत शेवटी पाहावे. आपल्याला किती जाडीचे लोखंड जोडायचे आहे, त्यासाठी कोणता रॉड (वितळून जोड भरणारी कांडी) लागेल आणि तो रॉड जाळण्याइतकी वीज घरातील वायरिंग देऊ शकेल का, हे आधी ठरवावे.

घरगुती कामात प्रामुख्याने १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप आणि ३ ते ५ मिलिमीटरच्या पट्ट्या किंवा अँगल येतात. त्यांना ६०१३ या क्रमांकाचा, साध्या लोखंडासाठीचा २.५ मिलिमीटरचा रॉड पुरतो आणि तो साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतो. ३.१५ मिलिमीटरचा रॉड ९० ते १३० अँपिअर मागतो; त्याच्या पुढे जाण्याची वेळ घरी क्वचितच येते. १८ गेजच्या, म्हणजे आणखी पातळ पाइपाला मात्र २ मिलिमीटरचा रॉड आणि ४० ते ६० अँपिअर लागतात. म्हणून मशीन किती वर जाते यापेक्षा खाली ५० अँपिअरवर किती स्थिर चालते, हे नवशिक्याने पाहावे, कारण पातळ पाइपाला भोक पडते ते तिथेच.

प्रकाराचा निर्णय फार अवघड नाही. तांब्याच्या गुंडाळीचा जुना ट्रान्सफॉर्मर दणकट असतो, पण तो एकट्याने उचलवत नाही. सिंगल फेजवर चालणारे हलके इन्व्हर्टर आर्क मशीन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे रॉडने जोडणारे मशीन, घरासाठी अधिक सोयीचे. मिग मशीन, म्हणजे रॉडऐवजी तारेने आणि गॅसच्या संरक्षणात जोडणारे मशीन, पातळ पत्र्यावर सुबक काम करते, परंतु त्याला सिलिंडर लागतो आणि उघड्या गच्चीवर वाऱ्याने गॅसचे संरक्षण उडून जोडात छिद्रे राहतात.

खरी अडचण विजेची आहे. २.५ मिलिमीटरचा रॉड ८० अँपिअरवर जळत असताना इन्व्हर्टर मशीन भिंतीतून साधारण १५ अँपिअर ओढते. म्हणजे १६ अँपिअरचे पॉवर सॉकेट आधीच काठावर येते. तेच मशीन पूर्ण २०० अँपिअरवर चालवायचे तर ४० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागेल, जो बहुतेक घरांच्या वायरिंगला झेपणारा नाही. त्यामुळे महावितरणच्या बिलावरील मंजूर भार पाहावा, मीटरपासून स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्यावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. जोडवायर वापरलीच तर तिचे वेटोळे पूर्ण उलगडावे, कारण गुंडाळलेली वायर तापते.

आपल्या सोलापुरात उन्हाचाही विचार करावा लागतो. मशीनवर लिहिलेली ड्यूटी सायकल ६० टक्के म्हणजे त्या अँपिअरवर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटेच सलग काम. ही मोजणी आंतरराष्ट्रीय मानकानुसार ४० अंश तापमान धरून केलेली असते आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा सावलीतच त्याच्या वर जातो. तरीही याचा बाऊ करू नये. २.५ मिलिमीटरचा एक रॉड साधारण मिनिटभरात संपतो, मग स्लॅग (जोडावरचा कडक थर) झाडणे, ब्रश मारणे, पुढचा जोड बसवणे यांत मशीनला विसावा मिळतो. मशीन सावलीत, जमिनीपासून थोडे उंच ठेवावे. ज्यांच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे, त्यांनी सुताचे बारीक तंतू साचलेल्या जागेत ठिणगी पडू देऊ नये. ते क्षणात पेट घेतात आणि तंतू पंख्यावाटे मशीनच्या आतही जातात.

दुकानात पुढच्या पॅनेलऐवजी मागची माहितीपट्टी वाचावी, सोबत येणारा रॉड धरायचा होल्डर आणि केबल हातात घेऊन पाहावी आणि दुरुस्ती सोलापुरातच होते की मशीन बाहेरगावी पाठवावे लागते, हे विचारावे. मला शंभर वैशिष्ट्यांपेक्षा हे उत्तर महत्त्वाचे वाटते.

पहिल्या चाचणीपूर्वी १० किंवा ११ क्रमांकाची काच असलेले चेहऱ्याचे शिल्ड, चामड्याचे हातमोजे आणि जाड सुती कपडे घालावेत. पॉलिस्टर अंगावर वितळते. शेजारच्या मुलांच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये म्हणून पत्रा आडवा लावावा. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप चाचणीला घेऊ नये, कारण त्याच्या धुराने ताप येतो.

मग गंज घासून काढलेल्या ५ मिलिमीटरच्या पट्टीवर नव्या, कोरड्या रॉडने ७०, ८० आणि ९० अँपिअरवर एकेक रेघ ओढावी आणि त्या वेळी दुसऱ्या व्यक्तीला सॉकेटवरील व्होल्टेज मल्टिमीटरने पाहायला सांगावे. प्रवाह कमी असेल तर रॉड चिकटतो आणि रेघ उंच, गोल राहते. जास्त असेल तर ती पसरते, कडेला खाच पडते आणि शिंतोडे उडतात. अर्धा जळलेला रॉड पुन्हा पेटवून पाहावा, कारण बरे-वाईट मशीन तेव्हा लगेच कळते. त्यानंतर दोन पट्ट्या काटकोनात ठेवून एकाच बाजूने जोडाव्यात, थंड झाल्यावर जोड उघडेल अशा दिशेने हातोडीने वाकवाव्यात. तुटलेल्या जागी पट्टीची मूळ कड जशीच्या तशी दिसली तर लोखंड एकजीव झालेले नाही. ही परीक्षा वारंवार उत्तीर्ण होईपर्यंत पाण्याच्या टाकीचा स्टँड करायला घेऊ नये. ५०० लिटर पाण्याचेच वजन ५०० किलो होते.

जोड सारखा बिघडत असेल तर दोष हाताचा, विजेचा की मशीनचा हे ओळखावे. रॉड पेटताच व्होल्टेज २०० च्या खाली घसरत असेल तर आधी वायरिंग पाहावे. व्होल्टेज टिकून असेल, तर त्याच पुड्यातले रॉड एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला आपण घेतलेल्या मशीनवरच चालवायला द्यावेत आणि डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून प्रवाह मोजणारे) मिळाल्यास प्रत्यक्ष अँपिअर मोजून घ्यावेत. त्याच्याही हाती तेच घडले आणि मीटर पॅनेलपेक्षा बराच कमी आकडा दाखवू लागला, तर बिल, सिरियल क्रमांक आणि त्या मोजणीचा व्हिडिओ घेऊन परतीची मुदत संपण्याआधी दुकान गाठावे.