स्मार्ट प्लग सारखा ऑफलाईन जातोय? रीसेट मारायच्या आधी हे बघा

आमचं घर देवगडजवळ, जांभ्या चिऱ्याचं, भिंती दीड फुटाच्या. पडवीतल्या दिव्याला स्मार्ट प्लग, म्हणजे वायफायवरून मोबाईलने चालू-बंद करता येणारा प्लग, लावलाय कारण मी मुंबईत आणि घरात आई एकटी, तिन्हीसांजेला अंगणात उजेड पडला की इकडे मला बरं वाटतं. पहिल्याच पावसात तो दिवसाआड ऑफलाईन जायला लागला. मग आईला फोन करून बटण दाबायला लावायचं, रीसेट, परत पासवर्ड, आणि दोन दिवसांनी परत तेच. रीसेटने मूळ कारण जात नाही, ते आधी शोधा.

प्लग काढून राउटर असलेल्या खोलीत लावा आणि दोन दिवस तिथेच ठेवा. तिथे टिकला तर रेंजचा प्रॉब्लेम, तिथेही पडला तर राउटरचं सेटिंग किंवा लाईट.

रेंजचं म्हणाल तर चिऱ्याची जाड भिंत वायफाय अडवते आणि पावसात चिरा पाणी धरतो तेव्हा जास्तच. अ‍ॅपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर बघा, तो शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, वजा ६५ च्या आसपास ठीक, वजा ८० म्हणजे तो तुटणारच. राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे असेल तर बाहेर काढा, माजघरात उंचावर दाराच्या रेषेत ठेवा, दारातून सिग्नल भिंतीपेक्षा खूप बरा जातो. प्लग पत्र्याच्या बोर्डात असेल तर एक्स्टेंशनने बाहेर घ्या. तरीही नाही जमलं तर पडवीपर्यंत केबल ओढून दुसरा छोटा राउटर.

आता राउटरचं सेटिंग. वायफायचे साधारण दोन बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बहुतेक स्मार्ट प्लग फक्त २.४ वर चालतात, आणि राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर काही प्लग गोंधळतात, म्हणून २.४ ला वेगळं नाव द्या. सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए२ ठेवा, नुसतं नवं डब्ल्यूपीए३ असेल तर बरेच प्लग जोडलेच जात नाहीत. चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी एक, रुंदी २० मेगाहर्ट्झ. प्लगला राउटरमध्ये कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेवला तर अजून उत्तम.

पण आपल्याकडे खरा घोळ लाईटचा, आमच्याकडेही तोच निघाला. वारा सुटला की लाईट जाते, परत आली की प्लग काही सेकंदात उठतो आणि वायफाय शोधतो, राउटर आणि फायबरच्या डब्याला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात, आणि काही प्लग तेवढ्यात थकून गप्प बसतात ते कायमचेच. राउटर आणि डबा दोन्हींना छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाईट गेली तरी त्यांना चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, लावा, घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. अ‍ॅपमध्ये लाईट आल्यावर प्लगने काय करायचं तेही ठरवता येतं, दिव्याला 'आधीची स्थिती' ठेवा.

आणि एक कळकळीने सांगते, विहिरीचा पंप थेट या प्लगवर लावू नका. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना मोटार कित्येक पट करंट ओढते, प्लगमधला रिले (आतला चालू-बंद करणारा स्विच) चिकटतो आणि अ‍ॅपमध्ये बंद दिसत असताना पंप चालूच राहतो. वायरमनकडून मधे काँटॅक्टर, म्हणजे मोटारीचा करंट झेपणारा मोठा स्विच, बसवून घ्या, प्लगने फक्त त्याची कॉइल, म्हणजे तो स्विच ओढणारा भाग, चालवायची.