दवाखान्यात बीपी जास्त, घरी कमी: खरा आकडा काढायचा कसा?

दवाखान्यात १५०/९४ आणि घरी १२८/८० असं आलं की घरात दोन तट पडतात. एकाच्या मते मशीन बिघडलंय, दुसऱ्याच्या मते डॉक्टर उगाच गोळी सुरू करतायत. बहुतेकदा दोघंही चुकतात. डॉक्टर समोर आल्यानं बीपी चढतं, हे १९८३ साली मिलानमध्ये मोजून दाखवलं गेलं. ४८ रुग्णांच्या धमनीतला दाब सलग टिपला, तेव्हा डॉक्टर मोजायला आल्यावर पहिल्या चार मिनिटांत वरचा आकडा सरासरी २७ने आणि खालचा १५ने वाढला. दहा मिनिटांत तो बराच उतरला. आणि हे व्हायला छातीत धडधडावं लागतंच असं नाही. आपण अगदी शांत आहोत असं वाटणाऱ्याचंही चढतं.

म्हणून घरची मोजणी. पण ती शिस्तीत झाली तरच तिला किंमत.

मनगटाचं मशीन टाळा, दंडाला पट्टा लागणारं घ्या. टेपनं दंडाचा मधला घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसतोय का बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचं बीपी जास्त, तोच हात पुढे कायम. दोन हातांत सतत १०-१५चा फरक येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

वेळ सकाळची आणि रात्रीची. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवी उरकून, पण चहा, नाश्ता आणि बीपीची गोळी घेण्याआधी. आधीचा अर्धा तास तंबाखू, सिगारेट नको. मिश्रीसुद्धा त्यातच आली, तिच्यातही निकोटीन असतंच. खुर्चीत पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको, मांडीही नको. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. हात १० सेंटिमीटर खाली राहिला तरी वरचा आकडा ७-८ने फुगतो. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर ती वर सरकवू नका, दंडाला आवळते. सैल बाहीचं काहीतरी घाला. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मोजताना ‘किती आलं?’ असं कुणी विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलंत, तर तेवढ्यानंही बीपी १०ने वाढू शकतं.

दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट सोडून. दोन्ही आकडे जसेच्या तसे वहीत. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो: १४७ आलं की ‘हे चुकलं असेल’ म्हणत माणूस तिसऱ्यांदा मोजतो आणि बरा दिसणारा आकडा लिहितो. मोजणीच्या आधी मुद्दाम प्राणायाम करून आकडा उतरवणंही त्यातलंच. प्राणायाम रोज करा, पण ही परीक्षा नाही, पास व्हायचं नाहीये. गोळी चुकली असेल, झोप झाली नसेल, भांडण झालं असेल, तर आकड्यापुढे दोन शब्द लिहा.

असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, तो नवेपणाच्या धास्तीचा असतो. उरलेले २४ आकडे. वरच्यांची बेरीज ३१६८ आली तर भागिले २४, म्हणजे १३२; खालच्यांची १९६८ आली तर ८२. घरची सरासरी १३५/८५च्या खाली हवी, दवाखान्यातली रेषा १४०/९०ची.

गोळी नसताना घरी कमी आणि दवाखान्यातच जास्त येत असेल, तर गोळीची घाई सहसा नसते. पण विषय संपला असंही नाही. यातल्या बऱ्याच जणांना पुढे कायमचं बीपी जडतं, म्हणून वर्षातून एकदा हाच आठवडा पुन्हा करायचा. मीठ, वजन आणि चालणं याकडे आत्तापासूनच बघायचं. उलटा प्रकार जास्त घातक: दवाखान्यात नॉर्मल, घरी जास्त. कामाचा ताण असलेल्यांत आणि सिगारेट ओढणाऱ्यांत तो आढळतो आणि घरी मोजल्याशिवाय हाती लागत नाही. गोळी चालू असताना घरचे आकडे चांगले आले, तर ते गोळीमुळेही असू शकतात. आपल्या मनानं बंद करू नका. नाडी अनियमित असेल तर घरच्या मशीनवर विसंबू नका.

१८०/१२० किंवा वर आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा बघा. तितकंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ लावा.

ज्यांना दिवसातून दहादा पट्टा चढवायची सवय लागते, त्यांचं बीपी त्या काळजीनंच चढतं: आकडा बघून भीती, भीतीनं पुढचा आकडा आणखी वर. अशांनी आठवडा संपला की मशीन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यावं आणि पुढे डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच मोजावं.