कॅको-२ च्या थरावर लॅक्टोबॅसिलस सोडताना

आतड्याच्या पेशी आणि जिवाणू एकत्र ठेवून बघायचे असतील, तर सांगलीतल्या कॉलेजच्या लॅबला झेपेल असं मॉडेल म्हणजे ट्रान्सवेलवरचा कॅको-२ चा थर. कॅको-२ म्हणजे माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी; ट्रान्सवेल म्हणजे प्लेटच्या खळग्यात (वेलमध्ये) टांगायची सच्छिद्र तळाची वाटी, तिलाच इन्सर्ट म्हणतात. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून मागवता येतात.

१२ वेलच्या प्लेटमध्ये ०.४ मायक्रॉन छिद्रांचे इन्सर्ट घ्या (क्षेत्रफळ १.१२ चौ. सेंमी). दर चौ. सेंमीला १ लाख पेशी, इन्सर्टमध्ये वर ०.५ मिली मीडियम (पेशींना पोसणारं द्रावण), त्याखाली वेलमध्ये १.५ मिली. बदलताना आधी खालचं काढा, भरताना आधी वरचं भरा; उलट केलंत तर खालच्या दाबाने थर सुटतो. असे २१ दिवस. दहाव्या दिवशी थर भरलेला दिसतो, पण पेशी पक्व झालेल्या नसतात.

मग टीईईआर, म्हणजे थराचा विद्युतरोध, मोजा. रिकाम्या इन्सर्टचं रीडिंग वजा करून क्षेत्रफळाने गुणा: (४२०−१२०)×१.१२ = ३३६ ओम·चौ. सेंमी. तापमान वाढलं की हा आकडा घसरतो. एप्रिलच्या उकाड्यातलं आणि डिसेंबरातलं रीडिंग शेजारी मांडू नका. एसी २५ अंशांवर ठेवून प्लेट २० मिनिटं बाहेर निवू द्या.

लॅक्टोबॅसिलस (लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू) सोडायच्या आदल्या दिवशी अँटिबायोटिक नसलेलं मीडियम घाला. हे हमखास विसरतं, आणि मग जिवाणू मेले कसे याचा शोध सुरू होतो. एका जादा इन्सर्टवरच्या पेशी ट्रिप्सिन या विकराने सोडवून मोजा. ५ लाख निघाल्या तर दहापट, म्हणजे ५० लाख जिवाणू, पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) दोनदा धुऊन वरच्या बाजूला सोडा. घरच्या ताकाचं विरजण चालणार नाही, त्यात कोण कोण आहे ते कळत नाही. ओळख पटलेला एकच स्ट्रेन (जिवाणूचा एकच वाण) हवा.

चार तासांत थांबा. रात्रभर ठेवलंत तर सकाळी मीडियम लिंबासारखं पिवळं झालेलं असतं, टीईईआर कोसळलेला असतो. तो दोष जिवाणूचा की नुसत्या लॅक्टिक आम्लाचा? यासाठी एक इन्सर्ट जिवाणूविना ठेवा, फक्त त्याचं मीडियम लॅक्टिक आम्लाने जिवाणूवाल्या इन्सर्टइतक्याच पीएचवर (आम्लतेवर) आणा. हा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, नसेल तर आलेख काढूच नये.

फिकॅलिबॅक्टेरियमसारखे आतड्यातले प्राणवायू न सोसणारे जिवाणू मात्र या प्लेटमध्ये तगत नाहीत. ते ज्यात वाढवले ते द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून वापरा, आणि कंट्रोलला त्यांचंच कोरं मीडियम, तेवढंच पातळ केलेलं.